एसक्यूएल टेस्ट लिहिताय? या चुका टाळा

टेस्ट सगळ्या हिरव्या (म्हणजे पास), तरी रिपोर्टमधले आकडे चुकीचे. अशी तक्रार आली की मी आधी टेस्टचा डेटा उघडतो. उदाहरणं पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर टेस्ट लिहिण्याचं साधन पीजीटॅप यांची आहेत, पण चुका सगळीकडे त्याच.

सगळ्यात महागात पडतो तो गुळगुळीत डेटा. चार रांगा, प्रत्येक कॉलम भरलेला, नल (किंमतच न भरलेली जागा) औषधालाही नाही. एका पतसंस्थेत थकबाकीदारांची यादी काढणारी क्वेरी होती: या महिन्याच्या हप्त्यांमध्ये ज्यांचा खातेक्रमांक नाही ते सभासद, 'नॉट इन' वापरून. टेस्ट पास होत होती. एका महिन्यात यादी कोरी आली आणि वसुली पूर्ण झाली असं समजून सगळे खूश झाले. खरं तर एक हप्ता खातेक्रमांक न टाकताच नोंदला गेला होता. 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एक जरी नल आला, तरी अट कोणासाठीच खरी ठरत नाही आणि एकही रांग बाहेर येत नाही. एररही येत नाही, म्हणून कोणी शोधायला जात नाही. 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिल्यावर यादी परत आली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक टेस्टच्या डेटात एक नल, एक शून्य रक्कम आणि एक दुबार नोंद असतेच. टेस्ट लिहून झाली की क्वेरीतली एक अट मुद्दाम काढतो. टेस्ट लाल झाली नाही, तर ती काहीच तपासत नव्हती. सरळ नव्याने लिहितो. नवशिक्यांना ही पायरी वेळखाऊ वाटते, पण नेमकी हीच गाळू नये.

दुसरी चूक म्हणजे प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातली सिस्टीम) पोस्टग्रेसवर आणि टेस्ट मात्र 'पटकन होतात' म्हणून एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. एसक्यूलाइट व्हारकॅर(१०) मध्ये, म्हणजे दहा अक्षरांच्या कॉलममध्ये, पन्नास अक्षरं निमूट घेतं. फॉरेन की ची (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, याची) तपासणी तिथे सहसा प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते. तिथलं 'लाइक' (मजकूर शोधण्याची अट) इंग्रजी कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेसचं करतं. मग तुम्ही तपासलं काय? डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवण्याचं साधन) त्याच व्हर्जनचा पोस्टग्रेस उभा करा. वेग हवा तर फक्त टेस्टच्या सर्व्हरवर एफसिंक (डेटा डिस्कवर नक्की लिहिला गेल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद ठेवा.

'ऑर्डर बाय' नसताना रांगांचा क्रम गृहीत धरू नका. क्रम नको असेल तर निकाल ताडून बघायला पीजीटॅपचं बॅग_ईक्यू वापरा. सेट_ईक्यू दुबार रांगा मोजत नाही.

प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक करा, म्हणजे तिने केलेले बदल मागे घ्या. आयडीचे पुढचे आकडे देणारा सिक्वेन्स मात्र मागे येत नाही, त्यामुळे 'आयडी १ असेल' असं कधीच लिहू नका.

नुसतं 'एरर आली' एवढं तपासू नका, एररचा कोड तपासा: युनिकची (दुबार किंमत नको) अट मोडली तर 23505, फॉरेन की ची मोडली तर 23503. नाहीतर कॉलमच्या नावातली चूकही टेस्ट पास करून जाते.

आणि 'परत चालवली की पास होते' म्हणून सोडून देऊ नका. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत करंट_डेट (आजची तारीख देणारं फंक्शन) कालची तारीख देतं. तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. तरीही टेस्ट अधूनमधून पडली, तर फाइल्स उलट्या क्रमाने चालवा. आधीच्या टेस्टने मागे ठेवलेली रांग बहुतेक तिथेच सापडते.