क्लाउडमधलं सीक्रेट कोडमधून बदलताय? या चुका टाळा

गुळाचा ऐन हंगाम. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत्याचं बिलिंग ॲप आम्ही राजारामपुरीतून चालवतो. एका संध्याकाळी मी स्क्रिप्टमधून डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि पाच मिनिटांत अडत्यांचा फोन आला: "पट्टी निघालीया, पर शेतकऱ्यास्नी मेसेज जाईनात."

डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसची की (सेवा वापरायचा गुप्त कोड) आणि पेमेंटची की, ही तिन्ही सीक्रेट्स एडब्ल्यूएस सीक्रेट्स मॅनेजरमध्ये, म्हणजे अशी गुपितं जपणाऱ्या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत, एकाच जेसनमध्ये (नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या मजकुरात) होती. मी 'पुट सीक्रेट व्हॅल्यू' या नवी व्हॅल्यू लिहिणाऱ्या कॉलला फक्त पासवर्ड पाठवला. हा कॉल जुन्या जेसनमध्ये भर घालत नाही, अख्खी नवी आवृत्ती तयार करतो. पासवर्ड बदलला, बाकीच्या दोन्ही कीज गायब.

म्हणून आधी वाचा, जेसन उलगडा, हवी तेवढीच की बदला, मग पूर्ण जेसन परत लिहा. चूक होऊन गेलीच असेल, तर घाबरून लगेच दुसरा पुट मारू नका. मागची आवृत्ती 'एडब्ल्यूएस-प्रीव्हियस' या लेबलखाली असते, तिथून कीज मिळतात. पण आणखी एक पुट केला की ते लेबल तुमच्या चुकीच्या आवृत्तीवर सरकतं. चांगली आवृत्ती बिनलेबलाची होते आणि मग ती आवृत्ती-क्रमांकावरून हुडकत बसावं लागतं. खरं तर ज्या कीज वेगवेगळ्या वेळी बदलतात, त्यांना वेगळी सीक्रेट्सच द्यावीत. एका सीक्रेटला महिन्याला 0.40 डॉलर पडतात, तेवढे जरूर मोजावेत.

दुसरं दुखणं: सीक्रेट बदललं, तरी निम्म्या रिक्वेस्ट चालतात आणि निम्म्या पडतात. ॲपने सुरू होताना वाचलेला जुना पासवर्डच काही प्रोसेसेसच्या मेमरीत असतो. लॅम्डा या एडब्ल्यूएसच्या कोड चालवणाऱ्या सेवेत हे हमखास होतं, कारण हँडलरबाहेर (दर रिक्वेस्टला चालणाऱ्या फंक्शनबाहेर) वाचलेली व्हॅल्यू तो कंटेनर जिवंत असेपर्यंत टिकते. कॅशला, म्हणजे मेमरीत जपलेल्या व्हॅल्यूला, मुदत द्या. शिवाय लॉगिन नाकारलं गेलं, तर सीक्रेट एकदा नव्याने वाचून पुन्हा प्रयत्न करा. एकदाच, नाहीतर चुकीच्या पासवर्डने डेटाबेसवर मारा होत राहील. डेटाबेसचे दोन युजर ठेवून आलटून पालटून पासवर्ड बदलले, तर जुना पासवर्ड धरून बसलेली प्रोसेसही अडत नाही.

पासवर्ड डोळ्यांना बरोबर दिसतो, पण लॉगिन होत नाही? लांबी मोजा. 16 अक्षरांचा पासवर्ड 17 भरला, तर शेवटी नवी ओळ चिकटली आहे. टर्मिनलवर 'इको' वापरून गूगल सीक्रेट मॅनेजरला व्हॅल्यू पाठवली की हेच होतं. तिथे 'प्रिंटएफ' वापरा.

डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये (ॲप सर्व्हरवर चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नुसतं 'क्रिएट' असेल, तर दुसऱ्या वेळी 'आधीच आहे' म्हणून ती थांबते. नेमका तोच एरर पकडून पुट करा. सीक्रेट डिलीट करून नव्याने बनवायचा मोह टाळा. एडब्ल्यूएसमध्ये डिलीट केलेलं सीक्रेट मुदतीपर्यंत, म्हणजे किमान 7 आणि एरवी 30 दिवस, नाव अडवून ठेवतं. अशा वेळी 'रिस्टोअर' करून त्यातच नवी व्हॅल्यू भरा.

'सापडत नाही' असा एरर आला, तर आधी रीजन (क्लाउडचं ठिकाण) बघा: सीक्रेट मुंबईत आणि कोड व्हर्जिनियात शोधतोय, असं बऱ्याचदा निघतं. 'परवानगी नाही' आलं, तर पॉलिसीतला (परवानग्यांच्या यादीतला) एआरएन, म्हणजे सीक्रेटचा पूर्ण पत्ता, तपासा. नावापुढे एक डॅश आणि सहा अक्षरं एडब्ल्यूएस स्वतः जोडतं, ती पॉलिसीत धरलेली नसतात.

आणि बदल झाला का हे पाहायला पूर्ण व्हॅल्यू लॉगमध्ये छापू नका. पुटच्या उत्तरात आवृत्तीचा आयडी येतो, तो छापा. व्हॅल्यू लॉगमध्ये किंवा गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) एकदा गेलीच असेल, तर ओळ पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. त्याच दिवशी की बदला.