होस्टेलवर राहून योम किप्पूर

शिकायला पुण्यात आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, मुलामुलींनो, वर्षाच्या सुरुवातीलाच यहुदी दिनदर्शिका कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. आपला दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, हे प्राध्यापकांना माहीत असेलच असं नाही. २०२६ चा योम किप्पूर, म्हणजे आपला प्रायश्चित्ताचा आणि उपासाचा दिवस, २० सप्टेंबरच्या संध्याकाळपासून २१ च्या रात्रीपर्यंत आहे, आणि २१ ला सोमवार येतो. प्रॅक्टिकल किंवा तोंडी परीक्षा असेल, तर दोन्ही तारखा लिहून विभागप्रमुखांना आधीच अर्ज द्या. ऐनवेळच्या विनंतीला बहुधा नकारच मिळतो.

सुमारे २५ तासांचा हा उपास निर्जळी असतो. चहा-कॉफी चार दिवस आधीपासून कमी करत आणा, नाहीतर दुपारी डोकं भयंकर ठणकतं. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि संध्याकाळी मऊ वरण-भात, कमी मिठाचं जेवण घ्या, लोणचं-पापड नकोच. मेस उशिरा उघडत असेल तर डबा आधी सांगून ठेवा. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका.

प्रार्थनेसाठी लाल देऊळ (ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ) किंवा रास्ता पेठेतलं सिनेगॉग आहे. आधी चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. उपास सोडायला खोलीत खजूर असू द्या.