नुसती डॉक्टरकी की सोबत पीएचडी? नाशिकच्या मुलांसाठी थोडं अनुभवाचं

बारावीतच ‘मला एमडी-पीएचडी करायचंय’ म्हणणारी मुलं हल्ली नाशिकमध्येही भेटतात. बहुतेकांनी ते अमेरिकेच्या व्हिडिओंमध्ये पाहिलेलं असतं. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग डॉक्टरकी (तिथे तिलाच एमडी म्हणतात), आणि डॉक्टरकीच्या मध्येच पीएचडी घातली की पदवीनंतर आणखी साधारण आठ वर्षं. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर चालणारी तिथली प्रसिद्ध योजना १९६४ पासून आहे. फी माफ, वर विद्यावेतन. पण तो निधी मिळतो तो तिथल्या नागरिकांना किंवा कायम रहिवाशांना. त्यामुळे कॉलेज रोडच्या क्लासमध्ये बसून त्याचा हिशेब मांडण्यात फार अर्थ नाही.

आपल्याकडे नीट, साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप कोणालाच चुकत नाही. सरकारी कॉलेजमधून केलं तर वर बॉण्डचं एक वर्ष. संशोधनाचा फाटा फुटतो तो यानंतर, म्हणून अठराव्या वर्षी कायमचा निर्णय घ्यायची घाई करू नका.

मी एमबीबीएसनंतर एमडी पॅथॉलॉजी (आपल्याकडे एमडी म्हणजे पदव्युत्तर पदवी) केलं आणि त्यानंतर पीएचडी. एमबीबीएसवर थेट पीएचडीही करता येते. सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेत लाइफ सायन्सेसला एमबीबीएसवाले बसू शकतात, बंगळुरूची आयआयएससी ही विज्ञानसंस्थाही त्यांना घेते. त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं. सरकारी कॉलेजात एमडी करणाऱ्या तुमच्या मित्राला याहून बरंच जास्त मिळत असतं, आणि घरची मावशी विचारते, ‘म्हणजे तू पेशंट तपासणारच नाहीस का गं?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चार-पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवून परत नीट-पीजीला, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेला, बसायचं म्हणजे ताज्या तयारीच्या इंटर्नशी स्पर्धा. ते फार जड जातं. म्हणून ज्याला रुग्णही हवेत आणि संशोधनही, त्याने आधी एमडी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पेशी आणि प्रथिनांतच रस आहे, वॉर्डात जाणं नकोसं वाटतं, त्याने मात्र नाइट ड्यूटीत तीन वर्षं कुढू नये. सरळ पीएचडीला जावं.

आपण यातले कोण, हे कसं कळणार? मला कळलं ते एमडीच्या थिसिसमुळे. सगळ्यांना करावाच लागतो, बरेच जण तो कसाबसा उरकतात. माझा विषय सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार होता, नमुने पेठ-सुरगाण्याकडचे. त्याची सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ततपासणी स्वस्त आणि झटपट, पण ती पॉझिटिव्ह आली तरी मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. पण एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही एसएस (म्हणजे वाहक नव्हे, आजार असलेलीच), एक सारखं अंगदुखीने दवाखान्यात आणि दुसरं गुरांमागे हुंदडतंय, हे पाहिल्यावर मला उपचारापेक्षा ‘असं का?’ हेच सुचत राहिलं. जन्मानंतरही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकलं तर त्रास कमी होतो, हे त्याचं एक उत्तर. ते कोणात टिकतं आणि का, यामागे माझी पुढची वर्षं गेली. माझ्याच बॅचच्या मैत्रिणीला त्या मुलाची कळ कधी थांबेल, याचीच चिंता होती. ती आज मुंबई नाक्याजवळ बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांना उपयोगी पडते.

थिसिसपर्यंत थांबायचीही गरज नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधनाची योजना १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, कॉलेजातलाच गाइड, एथिक्स कमिटीची परवानगी, शेवटी अहवाल. अहवाल मंजूर झाला तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. गाइड निवडताना नावापेक्षा, तो तुमचा डेटा स्वतः बसून पाहतो का, हे सीनियरना विचारा. आकडे तिसऱ्यांदा तपासताना कंटाळा आला तरी उत्सुकता शिल्लक राहिली, तर पीएचडीचा विचार करायला हरकत नाही.

आणि संशोधनाला पीएचडी लागतेच असंही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर एमडी फिजिशियन. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी रुग्णांच्या खाटेजवळ राहून दाखवला आणि ते काम लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. स्वतःची लॅब, स्वतःचे विद्यार्थी, मोठा निधी हवा असेल तेव्हा मात्र पीएचडी कामाला येते.

सुट्टीत एकदा पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला जाऊन या. केईएम, त्याच्याच आवारातली रक्तविकारांवरची आयसीएमआरची संस्था, हाफकिन, टाटा मेमोरियल, सगळं जवळजवळ आहे. आधी ईमेल करून वेळ घ्या, आणि भेटलात की प्रोफेसरांपेक्षा पीएचडीच्या चौथ्या वर्षाच्या मुलांशी जास्त बोला. चहा तुम्ही पाजा.