लांबून रेकी घेताय? मग त्या दिवशी मिसळ खाऊन बसू नका

परवा रंकाळ्यावर चालताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "अगं ते लांबनं रेकी देतात म्हणं, म्हणजे फोनातनं करंट येतो काय?" झालंय असं की त्यांच्या मुंबईच्या भाच्यानं त्यांच्यासाठी एक सेशन बुक करून ठेवलंय, पैसेपण भरलेत, गुडघे दुखतात आणि रात्रीची झोप नाही म्हणून. आणि वहिनींचं मेन टेन्शन काय तर केस बांधायचे की सोडायचे आणि आंघोळ करून बसायचं का. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत चारपाच वेळा घेतलंय त्यामुळं पद्माराजे गार्डनपर्यंत मीच बोलत होते. तेच इथं लिहितेय, अजून कुणाच्या भाच्यानं बुकिंग केलं असेल तर उपयोगी पडेल.

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देतात असं मानणारी पद्धत, आणि लांबनं म्हणजे तीच हात न लावता. करंट येत नाही. फोनचा तर बऱ्याचदा संबंधच नसतो. ठरलेल्या वेळेला तुम्ही तुमच्या घरी आडवं व्हायचं आणि तो देणारा माणूस त्याच्या घरी बसून तुमच्यासाठी रेकी करणार, एवढंच. कुणी सुरुवातीला दोन मिनिटं व्हिडिओ कॉल करतात, कुणी नुसता 'सुरू करतोय' असा व्हॉट्सॲप टाकतात आणि संपल्यावर दुसरा. तिकडं तो काय करत असतो तर तुमचा फोटो नाहीतर नाव लिहिलेला कागद समोर ठेवतो, लांबून पाठवायची म्हणून एक खूण असते, होन शा झे शो नेन, ती हातानं हवेत काढतो आणि मग उशी किंवा टेडी बेअर घेऊन तुमच्या अंगावर हात ठेवल्यासारखं डोकं, डोळे, गळा, छाती, पोट असं करत जातो. काहीजण स्वतःचीच मांडी वापरतात, एक मांडी म्हणजे तुमची पुढची बाजू आणि दुसरी म्हणजे पाठ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप हसले होते, कुणीतरी तिकडं पुण्यात मांडीवर हात ठेवून बसलंय आणि मी इकडं राजारामपुरीत गादीवर!

ही खूण रेकीच्या दुसऱ्या डिग्रीत, म्हणजे शिकण्याच्या दुसऱ्या पायरीत शिकवतात. म्हणून बुकिंगच्या आधी एवढं तरी विचारा की दुसरी डिग्री झालीय का आणि कुणाकडं शिकलात. पहिली डिग्री म्हणजे स्वतःला आणि समोरच्याला हात लावून देण्यापुरती असते. आणि याला सरकारी परीक्षा, रजिस्ट्रेशन असलं काही नाही बरं का, आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये आयुर्वेद, योग, युनानी, होमिओपॅथी वगैरे आहे, रेकी नाही. त्यामुळं भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट हे त्या गुरूनं दिलेलं सर्टिफिकेट, तेवढंच त्याचं वजन.

मूळ जपानचं आहे हे. मिकाओ उसुई नावाचे गृहस्थ १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून ध्यानाला बसले आणि तिथं त्यांना हे मिळालं असं रेकीवाले सांगतात. पुढं हवायो ताकाता म्हणून हवाईच्या एक बाई जपानला जाऊन शिकल्या आणि त्यांनी ते हवाईत, मग अमेरिकेत नेलं, तिथनं फिरत फिरत आपल्याकडं. गंमत म्हणजे आपल्याला सेशननंतर जे चक्रांचं सांगतात, मूलाधार, अनाहत वगैरे, ते उसुईंच्या मूळ पद्धतीत नव्हतंच, नंतर पाश्चात्य लोकांनी जोडलं. म्हणजे आपलीच चक्रं अमेरिका फिरून आपल्याकडं परत आली!

आता तयारी. सेशन घ्यायच्या आधी तासभर तरी भरपेट खाऊ नका, मी पहिल्या वेळी सकाळी कटावर कट घेऊन मिसळ खाल्लेली आणि दहाला सेशन, तर अर्धा तास अनुभव कसला आला असेल तर फक्त ॲसिडिटीचा. सैल कपडे, गाऊन चालतो. केस कसेही. आंघोळ केली तर फ्रेश वाटतं पण सोवळंओवळं यात नाही, पाळी असली तरी चालतं, हे वहिनींनी दोनदा विचारून घेतलं. चादर जवळ ठेवा कारण पडून राहिलं की अंग गार पडतं. खरी तयारी घरच्यांची करावी लागते. गॅसवर कुकर ठेवून आडवं होऊ नका, तुमचं सगळं ध्यान शिट्ट्या मोजण्यातच जातं, पोरांना सांगून ठेवा की अर्धा तास दार वाजवायचं नाही, आणि दूधवाला भंगारवाला यांच्या वेळा चुकवून वेळ मागा. वेळ बदलून देतात, विचारायला लाजू नका.

साधारण वीस मिनिटं ते पाऊण तास चालतं. तुम्ही काही करायचं नसतं, मंत्र नाही, हात जोडणं नाही. डोळे मिटून पडायचं, श्वास आपला नेहमीचा. सुरुवातीची पाच मिनिटं डोक्यात भाजीचा हिशेब, लाईटबिल सगळं येतं, येऊ दे. मग कुणाला तळहात गरम लागतात, कुणाला पायात मुंग्या, कुणाचं पोट गुरगुरतं, कुणाला विनाकारण रडू येतं आणि निम्म्या लोकांना सरळ झोप लागते. काहीच नाही वाटलं असंही होतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते, ती मी रेकी देणाऱ्या ताईंना कधी बोलले नाही. तिसऱ्या सेशनला रात्री नऊची वेळ होती. मी नऊला दिवा बंद करून पडले, पाचेक मिनिटांत कपाळावर असं ऊबदार वाटायला लागलं, कुणीतरी हात ठेवल्यासारखं, खांदे सुटले, जबड्यात मी दात दाबून धरते ते पण सुटलं, इतकं भारी वाटलं की साडेनऊला उठून मी आईला म्हटलं आज जमलं बघ. फोन चालू केला तर मेसेज, 'सॉरी, पाहुणे आलेत, साडेनऊला सुरू करते.' म्हणजे मला जे काय वाटलं ते सगळं सुरू व्हायच्या आधीच वाटून झालेलं. रेकीवाले म्हणतील वेळेचं बंधन नसतं त्याला. असेल. पण ही ऊर्जा कुणाला मोजून दाखवता आलेली नाही, आणि त्या रात्रीपासनं मला असंच वाटतं की दिवसभर पळणाऱ्या बाईला कुणीतरी अर्धा तास हक्कानं गप पडून राहायला सांगतंय यातच बरंचसं काम होऊन जातं. तरी मी त्यानंतर अजून दोनदा घेतलं, कारण पैसे भरल्याशिवाय मी काही तशी पडत नाही!

झालं की एकदम ताडकन उठू नका, कुशीवर वळून, बसून, मग उभं राहा, विशेषतः बीपीवाल्यांनी. पाणी प्या. नंतर ते फोन करून काय जाणवलं ते सांगतात, 'गळ्याच्या ठिकाणी अडकलंय, तुम्ही मनातलं बोलत नाही.' हे ऐकून माझी मैत्रीण एकदम गार पडली होती की यांना कसं कळलं. अगं, कुठली बाई मनातलं सगळं बोलते? असलं ऐकायचं, पटलं तर ठेवायचं, पण त्यावरून कुठला रोग झालाय असा निष्कर्ष काढायचा नाही. छातीत दुखतंय, गाठ लागतेय, रक्त जातंय तर आधी डॉक्टर, रेकी नंतर, आणि चालू असलेली शुगरची बीपीची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. गोळी सोडा म्हणणारा भेटला तर तिथंच फोन ठेवा. डायबेटिस, कॅन्सर असले आजार बरे करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं जो छातीठोकपणे लिहितोय त्याच्यापासनं चार हात लांबच.

पैशाचं आधी क्लिअर करा. मी एका सेशनला पाचशे दिलेत, त्याहून कमी घेणारे आहेत आणि कितीतरी पट घेणारेपण. पहिल्याच दिवशी २१ दिवसांचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर एक करून बघतो म्हणा. आणि सेशननंतर 'तुमच्या घरावर कुणीतरी केलंय, ते काढायला वेगळे लागतील' अशी गाडी वळली की समजायचं हे रेकी सोडून दुसऱ्याच धंद्यात आहेत. फोटो, नाव, गाव एवढ्यावर भागतं, आधार कार्ड, ओटीपी कशाला लागतोय? आणि दुसऱ्या कुणासाठी बुक करत असाल तर त्या माणसाला विचारून करा, वहिनींच्या भाच्यासारखं डायरेक्ट 'पैसे भरलेत, तू पड' असं नको.

रेकीतलं मला मनापासून आवडलेलं म्हणजे उसुईंची ती पाच वाक्यं. 'फक्त आजच्यापुरतं' अशी सुरुवात आहे, आज रागवू नको, काळजी करू नको, कृतज्ञ राहा, काम नीट कर, लोकांशी दयेनं वाग. जन्मभराचं ओझं नाही, आजच्यापुरतं. वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आजच्यापुरतं जमंल, पण उद्या सासूबाई येणार हाईत."

त्यांचं सेशन गुरुवारी रात्री साडेआठला होतं, सिरियलची वेळ म्हणून साडेनऊचं करून घेतलंय. फोन बंद ठेवणार हे भाच्याला आधीच कळवा म्हटलंय, नाहीतर मावशीचा फोन लागत नाही म्हणून तो दर दोन मिनिटांनी मला फोन करत बसणार.