मॉलिक्युलर बायोलॉजीत नवीन असाल तर आधी ५ प्राइम आणि ३ प्राइम पक्कं करा

टीवायबीएससी संपवून एमएससीला आलेल्या किंवा पहिल्यांदाच एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्टला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. डीएनएचं आरएनए होतं, आरएनएवरून प्रोटीन बनतं, कोडॉन तीन अक्षरांचा असतो, हे तुम्हाला येतं असं धरून चालतेय. नीटवाल्या क्लासेसमुळे हे सगळ्यांचं पाठ असतं. पण पाठ असलेली मुलंच पुढे प्रायमर, म्हणजे डीएनएची कॉपी जिथून सुरू होते तिथे चिकटणारा छोटा तुकडा, डिझाइन करताना रडकुंडीला येतात, आणि त्यात मीही होते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

तुम्ही कुठलंही सीक्वेन्स वहीत लिहाल तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना ५ प्राइम आणि ३ प्राइम, म्हणजे स्ट्रँडच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकांची नावं, लिहा. नेहमी. घाई असली तरी, फक्त सहा अक्षरं असली तरी. मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे कितीतरी आठवडे वाचले असते. वर्गात डबल हेलिक्सचं सुंदर चित्र दाखवतात, अँटीपॅरलल, म्हणजे उलट दिशांना जाणारे स्ट्रँड, हा शब्द सांगतात आणि पुढे जातात. शब्द कळतो, हाताला सवय लागत नाही. दोन स्ट्रँड म्हणजे सीएसएमटीकडे जाणारा आणि कल्याणकडे जाणारा असे शेजारी शेजारी पडलेले दोन ट्रॅक, आणि आरएनए पॉलिमरेज किंवा पीसीआरमधलं टॅक पॉलिमरेज, ही कॉपी काढणारी एन्झाइम, नवीन स्ट्रँड फक्त ५ प्राइमकडून ३ प्राइमकडेच वाढवतं, कारण नवीन न्यूक्लिओटाइड जोडायला त्याला ३ प्राइम टोकाचा मोकळा ओएच ग्रुप लागतो. उलट्या दिशेने काम होतच नाही.

खरं उदाहरण घेऊ. माणसाच्या बीटा ग्लोबिन जीनची, म्हणजे एचबीबीची, सुरुवात कोडिंग स्ट्रँडवर अशी आहे: ५ प्राइम, एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी, ३ प्राइम. एमआरएनए अगदी असाच, फक्त टीच्या जागी यू. आता याचाच टेम्प्लेट स्ट्रँड, म्हणजे ज्यावरून एमआरएनए बनतो तो समोरचा स्ट्रँड, नियमाप्रमाणे ५ प्राइमपासून लिहिला तर काय येतं बघा: सीटीसी सीटीसी एजीजी एजीटी सीएजी एटीजी सीएसी सीएटी. मधे एक एटीजी दिसतंय ना? परीक्षेत हाच स्ट्रँड देतात, हा टेम्प्लेट आहे म्हणून सांगतात, आणि निम्मा वर्ग त्या एटीजीला स्टार्ट कोडॉन समजून तिथून अमिनो अ‍ॅसिड लिहायला लागतो. खरा स्टार्ट शेवटी बसलाय, ते शेवटचं सीएटी. ते उलटं करून पूरक अक्षरं लिहा, एटीजी मिळेल. कागद घ्या आणि आत्ता करून बघा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

हेच पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या भराभर कॉपी काढायच्या पद्धतीच्या, प्रायमरला. फॉरवर्ड प्रायमर सोपा, कोडिंग स्ट्रँडची सुरुवात जशीच्या तशी उचलायची. रिव्हर्स प्रायमरला लोक अडकतात. समजा तुमचा तुकडा सी-टी-जी-ए-सी-टी इथे संपतो (खरा प्रायमर साधारण १८ ते २५ अक्षरांचा असतो, समजायला सहाच घेतलीत). पूरक अक्षरं लिहिली तर जी-ए-सी-टी-जी-ए येतात, आणि बरेच जण हेच ऑर्डर फॉर्मवर टाकतात. पण ती अक्षरं ३ प्राइमकडून लिहिली गेलीत आणि कंपनी फॉर्मवरचं सगळं ५ प्राइमकडून वाचते. मागवायचं असतं ते ए-जी-टी-सी-ए-जी, म्हणजे पूरक करून शिवाय उलटं केलेलं. न उलटवलेला प्रायमर त्या जागी चिकटतच नाही, आणि जो पूरक न करता तसाच मागवला तो चिकटतो पण फॉरवर्डच्याच स्ट्रँडला, मग दोघं एकाच दिशेला धावतात आणि कॉपी दुपटीने वाढत नाहीत. जेलवर मापासाठी लावलेलं लॅडर सुंदर दिसतं आणि तुमची लेन रिकामी. मग माणूस अ‍ॅनिलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान बदलत बसतो, मॅग्नेशियम वाढवतो, टॅक बदलतो, टेम्प्लेट पुन्हा काढतो, आणि चूक मात्र ऑर्डर फॉर्ममध्ये असते. तपासायची खूण एकच, दोन्ही प्रायमरची ३ प्राइम टोकं एकमेकांकडे तोंड करून असली पाहिजेत. बाण काढून बघा.

सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, माहितीये. तरी माझं ठाम मत आहे की पहिले पाच-सहा प्रायमर हातानेच काढावेत आणि मग सॉफ्टवेअरशी ताडून बघावेत. ज्याने हाताने कधी काढलेच नाहीत त्याला सॉफ्टवेअरला चुकीचा स्ट्रँड दिला तरी कळत नाही. आणि चुकीचा स्ट्रँड देणं फार सोपं आहे. हाच एचबीबी जीन घ्या, ११व्या क्रोमोसोमवर तो रिव्हर्स स्ट्रँडवर बसलाय. त्यामुळे सिकल सेलचं म्युटेशन जीनच्या भाषेत ए चं टी, पण जीनोम ब्राउझर उघडला की तिथे टी चं ए दिसतं. दोन्ही बरोबर. त्यात जुन्या पुस्तकांत ते सहावं अमिनो अ‍ॅसिड असतं आणि नव्या पद्धतीत सातवं, कारण नव्या पद्धतीत सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. घाबरू नका, दिशा आणि मोजणी कुठून सुरू होते हे बघितलं की गोंधळ संपतो.

म्युटेशनचे प्रकार (सायलेंट, मिसेन्स, नॉनसेन्स, फ्रेमशिफ्ट) व्याख्येने पाठ करू नका, एकेक खरं उदाहरण धरा. मिसेन्सचं, म्हणजे एका अमिनो अ‍ॅसिडच्या जागी दुसरं येण्याचं, आपल्याला तर मुंबईतच मिळतं. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या केईएममधून बॉम्बे ब्लड ग्रुप जगासमोर आणला. ए आणि बी अँटिजेन एच अँटिजेनवर बनतात, आणि एच बनवणारं एन्झाइम एफयूटी-वन जीनवरून येतं. ते एन्झाइमच निकामी असेल तर ए, बीचे जीन धडधाकट असूनही लाल पेशींवर काहीच दिसत नाही, साध्या टेस्टमध्ये माणूस ओ वाटतो, पण त्याच्या रक्तात अँटी-एच असतं म्हणून ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे ग्रुपचंच लागतं. भारतात यामागे सापडणारं ओळखीचं म्युटेशन म्हणजे ७२५व्या जागी टी चं जी, आणि त्यामुळे २४२वं ल्युसिन जाऊन आर्जिनिन येतं. आता हे पाठ न करता पडताळा. २४२ला ३ने गुणलं की ७२६, म्हणजे २४२वा कोडॉन ७२४ ते ७२६, आणि ७२५ हे त्यातलं मधलं अक्षर. ल्युसिनच्या सीटी-काहीतरी कोडॉनमधला मधला टी काढून जी ठेवला की सीजी-काहीतरी, आणि ते चारही आर्जिनिनचेच कोडॉन. असं एकदा जुळलं की जो आनंद होतो ना, त्यासाठी हा विषय करावा.

जीन एक्स्प्रेशनमध्येही असंच. नवीन मुलं विचारतात की इंट्रॉन, म्हणजे जीनमधले प्रोटीन न बनवणारे मधले तुकडे, तर कापून टाकतात, मग तिथल्या म्युटेशनने काय बिघडणार? आपल्याकडे बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशन इंट्रॉनमध्येच आहे, पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर, जी चं सी. एकही अमिनो अ‍ॅसिड बदलत नाही, पण स्प्लायसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून बाकीचं जोडणं, बिघडतं, नीट एमआरएनए फार कमी बनतो आणि मग बीटा ग्लोबिनही कमी. हे कळलं की एक्स्प्रेशन म्हणजे नक्की काय ते कळतं. आणि एक इशारा देऊन ठेवते, एमआरएनए वाढला म्हणून प्रोटीन वाढलंच असं प्रेझेंटेशनमध्ये म्हणू नका, व्हायवाला तिथेच धरतात. प्रोटीनबद्दल बोलायचं तर वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची टेस्ट) किंवा तसं काहीतरी दाखवावं लागतं.

लॅबमधलं बाकी पटकन सांगते. नॅनोड्रॉपवर (डीएनए, आरएनए किती आणि किती शुद्ध ते मोजायच्या मशीनवर) २६०/२८० रेशो डीएनएला १.८च्या आसपास आणि आरएनएला २च्या आसपास, पण चांगला रेशो म्हणजे आरएनए अखंड आहे असं नाही, त्यासाठी जेलवर रायबोसोमल आरएनएचे, २८एस आणि १८एसचे, दोन स्वच्छ बँड बघा. आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनेज, आपल्या बोटांवरच असतं, म्हणून ग्लोव्हज घालून मोबाईलला हात लावला की ग्लोव्हज बदला, मुंबईच्या घामट हवेत कितीही वैताग आला तरी. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ वितळून पाणी झालं की तो बर्फ राहिलेला नाही, परत भरून आणा. क्यूपीसीआरमध्ये (कॉपी वाढता वाढता मोजणाऱ्या पीसीआरमध्ये) सीटीचा, म्हणजे कितव्या सायकलला सिग्नल दिसू लागला त्या आकड्याचा, १चा फरक म्हणजे साधारण दुप्पट, आणि कमी सीटी म्हणजे जास्त एक्स्प्रेशन, उलटं वाचू नका. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल आणि टेम्प्लेट नसलेला कंट्रोल, हे दोन्ही लावल्याशिवाय मला कोणी आकडे दाखवले तर मी ते बघतच नाही. पहिला कंट्रोल जीनोमिक डीएनएची भेसळ पकडतो, दुसरा रीएजंटमधलं कंटॅमिनेशन. प्लेटमधले दोन वेल (खळगे) वाचवून काय मिळणार आहे?

सर्टिफिकेटवाल्या चार दिवसांच्या हँड्स-ऑन कोर्सबद्दल बरेच जण विचारतात. माझं मत वाईट आहे. पंधरा जणांत एक जण पिपेट धरतो, बाकीचे फोटो काढतात. त्या पैशात घरच्यांना त्रास देऊ नका. त्यापेक्षा टीआयएफआर, खारघरचं टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, परळच्या आयसीएमआरच्या संस्था, मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पस, पवईचं आयआयटी, एवढं सगळं लोकलच्या अंतरावर असलेलं शहर आपलं आहे, तिथले सार्वजनिक सेमिनार ऐका, समर प्रोजेक्टसाठी मेल करा. मेलमध्ये आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट सायन्स असलं काही नको, त्या लॅबचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा. उत्तरं कमी येतील. दहा मेलना एकही आलं नाही तरी ते तुमच्या बुद्धीबद्दल काही सांगत नाही, लोक खरंच कामात बुडालेले असतात, महिन्याभराने पुन्हा पाठवा.

आणि गाइड मोठे असले की झालं असं समजू नका. मोठ्या नावाच्या गाइडकडे महिन्यातून एकदा पाच मिनिटं मिळतात, शिकवतात ते रोज शेजारच्या बेंचवर उभे असलेले पीएचडीचे दादा-ताई आणि वीस वर्षं ऑटोक्लेव्ह सांभाळणारे लॅबचे काका. मला पिपेटचा पहिला स्टॉप आणि दुसरा स्टॉप एका काकांनीच नीट शिकवला. जॉइन करायच्या आधी त्या लॅबच्या जुन्या मुलांना कँटीनमध्ये गाठून एवढंच विचारा की प्रयोग फसला की इथे काय होतं. ओरडा बसतो असं कळलं तर दुसरी लॅब बघा, कितीही पेपर येत असले तरी, कारण फसलेला प्रयोग लपवायची सवय लागली की काम शिकणं बंद होतं.

प्रायमर आले की ट्यूब लगेच उघडायची नाही. आतली कोरडी पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताना उडून जाते, म्हणून आधी एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. लेबलवर जितके नॅनोमोल लिहिलेत त्याच्या दहापट मायक्रोलिटर न्यूक्लिएज-फ्री पाणी किंवा टीई बफर घातलं की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. त्यातून १० मायक्रोमोलरचे छोटे भाग करून ठेवा आणि मूळ ट्यूब उणे २०ला, तारीख घालून. ट्यूबवर पेनने जीनचं नाव लिहाल तेव्हा फॉरवर्ड की रिव्हर्स तेही लिहा.