टोस्टवर टोमॅटो घातला की मऊ पडतो? माझा अनुभव

बेळगावचा पावसाळा, घरी पाहुणे आणि कांदा-टोमॅटो घातलेले टोस्ट १० मिनिटांत लिबलिबीत. आच वाढवली तर कडा करपल्या, जादा लोणी लावलं तर तेलकट झाले. वैताग नुसता!

जमलं ते असं. पाव आदल्या दिवशीचा घ्या. टोमॅटोच्या बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत निथळू द्या. खाली साचलेलं पाणी बघा, खरा चोर तोच. तोवर कोरड्या तव्यावर, मंद आचेवर पावाचे काप दोन्हीकडून ४-४ मिनिटं भाजा. मग जाळीवर सुटे ठेवा. ताटात एकावर एक रचले की वाफेनं घामेजतात. पूर्ण गार झाल्यावरच लोण्याचा पातळ हात. कांदा-टोमॅटो मात्र ताटली बाहेर नेतानाच घालायचा, आधी नाही.