रानडुक्कर आणि रोही यांना आवाजाने शेतापासून दूर ठेवताना

विदर्भ आणि मराठवाड्यात जंगलालगत किंवा झुडपी नाल्यालगत ज्यांचे वावर आहे, त्यांना रात्रीची जागल नवी नाही. मक्याच्या कणसात दूध भरू लागले, भुईमुगाच्या शेंगा पोसू लागल्या, की रानडुकरांचे कळप येतात. सोयाबीन आणि हरभरा कोवळा असताना रोही, म्हणजे नीलगायी, शेंडे खुडून नेतात. मचाणावर बसून हाळी देणे, पत्र्याचा डबा बडवणे आणि गोफण फिरवणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आता त्यांच्या जागी मेमरी कार्डावर रेकॉर्ड केलेला आवाज रात्रभर ओरडणारा बॅटरीवरचा भोंगा आला आहे. सुरुवातीच्या काही रात्री तो काम करतो आणि मग डुकरे त्याच्याच खाली भुईमूग उकरताना दिसतात. यात दोष भोंग्याचा नाही, तो वापरण्याच्या पद्धतीचा आहे. जागल करणारा माणूस जनावराची चाहूल लागली तरच ओरडत असे, दर वेळी वेगळ्या जागेवरून ओरडत असे आणि गरज पडल्यास बॅटरी घेऊन त्या दिशेने चालत जात असे. यंत्राकडून काम करून घ्यायचे असेल तर त्यालाही शक्य तितके असेच वागायला लावले पाहिजे.

यंत्र घेण्याआधी जनावराचे कान समजून घ्यावेत. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ इतक्या कंपनांचा आवाज ऐकू येतो. पाळीव डुकरावरील प्रयोगांत त्याची मर्यादा सुमारे ४२ ते ४०,५०० हर्ट्‌झ आढळली आहे, तर गाईची सुमारे २३ ते ३५,००० हर्ट्‌झ. रोही गाईच्याच कुळातला आहे. डुक्कर आणि गाय या दोन्ही प्राण्यांचे कान ८,००० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. म्हणजेच घुमणारा, खर्जातला आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरपेक्षा कर्कश आणि स्पष्ट आवाज देणारा साधा भोंगा या कामाला अधिक योग्य ठरतो.

याच ठिकाणी ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रांविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यावर शेतकऱ्यांचा कष्टाचा पैसा जातो. माणसाला ऐकू न येणारा आवाज डुकरांना पळवून लावतो, ही जाहिरात ऐकायला पटते, कारण डुकराला तो आवाज खरोखर ऐकू येऊ शकतो. अडचण हवेची आहे. ४०,००० हर्ट्‌झचा आवाज अंतरामुळे क्षीण होतोच, शिवाय हवेत शोषला जाऊन दर मीटरला आणखी एका डेसिबलहून अधिक घटतो, आणि पिकाची पाने त्याला अडवतात. बंद खोलीत जे यंत्र जोरकस वाटते, त्याचा आवाज मोकळ्या वावरात काही मीटरवर नगण्य उरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, अशी ताकीद दिली होती. एकरभर शेतासाठी हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐकू येणाऱ्या आवाजाचा हिशेब सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. एका मीटरवर ११० डेसिबल आवाज देणारा भोंगा १०० मीटरवर सुमारे ७० डेसिबल देतो आणि मधे उभे पीक असेल तर त्याहून कमी. म्हणून एक मोठा भोंगा शेताच्या मधोमध लावण्यापेक्षा दोन-तीन लहान भोंगे जनावरांच्या येण्याच्या वाटांवर लावणे केव्हाही चांगले. रात्री जमिनीलगतची हवा थंड झाली की आवाज खालच्या दिशेला वळतो आणि दिवसापेक्षा दूरवर ऐकू जातो. वस्तीच्या बाजूला भोंग्याचे तोंड करताना हे ध्यानात ठेवावे.

पहिले काम वाटा शोधण्याचे. दोन-तीन दिवस सकाळी धुऱ्यावरून फेरी मारावी. डुकरे बहुधा नाल्याच्या, झुडपांच्या किंवा उसाच्या आडोशाने येतात आणि त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. उकरलेली माती, चिखलात लोळल्याच्या खुणा आणि कुंपणाखालची घसट यांवरून त्या ओळखता येतात. रोह्यांना आडोशाची तितकी गरज नसते. ते धुरे ओलांडून उघड्यावरूनही येतात आणि पहाटे किंवा संध्याकाळीही चरतात. वाट सापडली की तिच्या तोंडाशी हातभर रुंदीचा पट्टा बारीक माती पसरून सपाट करावा. त्यावरचे खूर रोज सकाळी पाहिले की कोण, किती आणि कोणत्या बाजूने आले ते कळते. पुढे यंत्राचा उपयोग होतो आहे की नाही, हेही हाच पट्टा सांगतो.

यंत्राची जुळवणी गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेता येते. १२ व्होल्टची बॅटरी, ती दिवसा भरण्यासाठी लहान सौर पॅनेल, मेमरी कार्डावरून वाजणारा प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, भोंगा आणि हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर एवढे साहित्य पुरते. यातला सेन्सर टाळून पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण तो टाळू नये. सगळ्या उपायाचा जीव त्यात आहे. रात्रभर वाजणारा आवाज जनावराला काहीच सांगत नाही, तर त्याने पाऊल टाकताच अचानक आलेला आवाज ‘तू दिसलास’ असे सांगतो. साध्या सेन्सरचा पल्ला आठ ते बारा मीटर असतो, म्हणून तो वाटेवरच हवा. त्याच्यासमोरून आडवे जाणारे जनावर तो चटकन ओळखतो, सरळ त्याच्याकडे येणारे उशिरा ओळखतो. त्यामुळे तो वाटेच्या कडेला, तोंड वाटेला आडवे ठेवून, डुकरासाठी गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर बांधावा. समोरचे गवत कापून टाकावे, नाहीतर उन्हाने तापलेली, वाऱ्याने हलणारी पाने त्याला फसवतात. भोंगा मात्र पिकाच्या शेंड्यांपेक्षा उंच खांबावर, शेताबाहेरच्या दिशेला तोंड करून आणि किंचित खाली झुकवून लावावा, म्हणजे आवाज पानांत अडकत नाही आणि पावसाचे पाणीही साचत नाही.

आता कोणता आवाज वाजवायचा, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वाघाची डरकाळी अनेकांना आवडते आणि भक्षकाच्या आवाजाला प्राणी घाबरतात हे खोटे नाही. दक्षिण भारतात रानहत्तींना वाघाचे गुरगुरणे ऐकवले तेव्हा ते गुपचूप मागे सरकले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तरीही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत, जिथे वाघ खरोखर शेतात येतो, तिथे डरकाळीचे रेकॉर्डिंग कटाक्षाने टाळावे. रोज रात्री यंत्राची डरकाळी ऐकणारा माणूस एखाद्या रात्री खऱ्या डरकाळीलाही यंत्रच समजेल आणि त्याची किंमत फार मोठी असेल.

त्यापेक्षा माणसाचा आवाज चांगला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर परिसरात पाणवठ्यांवर लपवलेल्या स्पीकरांवरून सिंहाचे आवाज आणि माणसांचे साधे बोलणे आलटूनपालटून ऐकवण्यात आले, तेव्हा बहुतेक सस्तन प्राणी सिंहापेक्षा माणसाच्या बोलण्याला अधिक घाबरून पळाले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कुणी आरडाओरडा केला नव्हता, ते नेहमीच्या स्वरातले संभाषण होते. आपल्या जागलीची जुनी रीत यापेक्षा वेगळी नाही. म्हणून घरातल्या आणि शेजारच्या माणसांचे आपसांतले बोलणे, हाका, खोकणे, डबा वाजवणे, गावातल्या कुत्र्यांचे भुंकणे असे आठ-दहा वेगवेगळे तुकडे रेकॉर्ड करावेत. प्रत्येक तुकडा पंधरा ते तीस सेकंदांचा असावा, प्लेअर ते क्रम बदलून वाजवेल अशी सोय करावी आणि दर दोन-तीन दिवसांनी भोंग्याची जागा बदलावी.

एवढे करूनही सवय होतेच. जनावर हुशार असते आणि भूक त्याला धीट करते. ती सवय लांबवण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे आवाजामागे अधूनमधून खरा माणूस असणे. पहिल्या काही रात्री शक्य असेल तर दोघांनी मिळून वावराजवळ थांबावे, यंत्र वाजले की बॅटरीचा झोत टाकावा आणि आपणही हाळी द्यावी. जनावरांना जंगलाकडे परतण्याची वाट मोकळी ठेवावी. चहूबाजूंनी कोंडलेले डुक्कर, विशेषतः पिल्ले सोबत असलेली मादी, माणसावर मुसंडी मारते. अंधारात पाठलाग मुळीच करू नये.

वेळेचेही भान हवे. पेरणीपासून काढणीपर्यंत यंत्र चालू ठेवले तर ऐन मोक्याच्या वेळी ते निकामी झालेले असते. मक्याला कणीस धरताना, भुईमूग पोसताना, हरभरा उगवल्यानंतरच्या आठवड्यांत, म्हणजे पीक जनावराच्या तोंडी लागण्याच्या थोडेसे आधी ते सुरू करावे. एकदा चव लागलेला कळप हुसकावणे फार कठीण असते.

काही गोष्टी मात्र आवाजाच्या नावाखाली करू नयेत. प्लॅस्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून उडवायची ‘कार्बाइड गन’ अ‍ॅसिटिलीन वायूच्या स्फोटावर चालते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. ती घरात आणूच नये. खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब आणि तारेत सोडलेला विजेचा प्रवाह हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा ठरू शकतात आणि त्यात शेजारचा माणूसही मरतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग किंवा गडचिरोलीप्रमाणे हत्ती येत असतील, किंवा एकटा गवा शेतात असेल, तर या लेखातला कोणताही प्रयोग न करता वन विभागाला कळवावे. फटाक्यांनी चिडलेला हत्ती उलटून येतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत आणि निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे भोंगा लावण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांच्याशी बोलून घ्यावे, अभयारण्य जवळ असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाही विचारावे. शेजारच्या शेतकऱ्यांना सोबत घेणे तर अत्यावश्यकच आहे, कारण आपल्या वावरातून हाकललेला कळप त्यांच्याच वावरात शिरतो. नाल्याकाठच्या चार-पाच जणांनी मिळून भोंगे लावले आणि सगळ्यांनी जंगलाची एकच बाजू मोकळी सोडली, तर खर्चही वाटला जातो.

मातीच्या पट्ट्यावर सलग तीन-चार सकाळी आत जाणारे खूर दिसले, तर त्या आवाजांचा उपयोग संपला असे समजून यंत्र आठवडाभर बंद ठेवावे, तेवढे दिवस प्रत्यक्ष जागल करावी आणि मग नव्या रेकॉर्डिंगसह दुसऱ्या जागी लावावे. पीक निघताच भोंगे काढून, बॅटरी पूर्ण भरून कोरड्या जागी ठेवावी. रिकाम्या रानात ते एक रात्रही वाजू देऊ नयेत.